कोडोलीच्या धोंडुबाईनं बघितलेली खाडी

धोंडुबाईनं प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातलं ते काही शिकायच्या हौसेनं नव्हे. वर्गात पास होणाऱ्या बायकांना दत्तोपंत मास्तर समुद्र आणि किल्ला दाखवायला नेणार आहेत, ही बातमी तिला पाणवठ्यावर लागली आणि दुसऱ्याच दिवशी ती पाटी घेऊन मारुतीच्या देवळात जाऊन बसली. साल चोपन्न. तिचं वय पंचेचाळिशीच्या पुढं, अंगानं दणकट, आणि आवाज असा की तिनं शिवारात हाक मारली तर वारणेपलीकडची बैलं मान वर करायची. नवरा आकाराम अगदी उलट. माणूस बोलायचाच कमी, आणि जे काय बोलायचा ते बहुतेक म्हशीशी.

दत्तोपंत मूळ कोल्हापूर शहरातले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, करकरणारे बूट. इतिहासावर त्यांचं फार प्रेम, पण इतिहासात माणसं जेवत होती, झोपत होती, हे त्यांच्या बोलण्यातून कधी कळायचं नाही. धोंडुबाईला नेमकं तेच विचारायचं असायचं. वर्ग सहा महिने चालला आणि शेवटी परीक्षा झाली. तपासायला आलेल्या साहेबांनी तिला 'स्वातंत्र्य' लिहायला सांगितलं. तिनं 'सातंतर' लिहिलं.

"बाई, हे चुकलं."

"चुकलं कसं? बोलतो तसंच लिवलंय की. तुमीच उगं जास्तीचं लिवताय."

धोंडुबाई नापास झाली. अकरा बायका पास झाल्या, त्यात तिची शेजारीण चिमणाबाईसुद्धा, जिला स्वतःचं नाव लिहिताना घाम फुटायचा. धोंडुबाईनं दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, अकरा बाया, तुमी, ड्रायवर. दोन दिस भाकरी कोण थापणार?"

"बायका आहेतच की इतक्या."

"इचारा की त्यास्नी."

मास्तरांनी विचारलं. पास झालेल्या बायका म्हणाल्या, आम्ही सहलीला चाललोय, चुलीला न्हाय. अशा रीतीनं नापास धोंडुबाई तवा, परात आणि पिठाचं पोतं घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसली.

गाडी म्हणजे विजयदुर्गाच्या बाजूला गूळ घेऊन निघालेली मालमोटार. खाली गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोडोलीचा साक्षर महिलावर्ग. फोंडा घाट उतरताना मास्तर दोन्ही बाजूंची वनश्री दाखवत होते. वनश्री बघायला कुणाला सवड नव्हती, कारण गुळाला मुंग्या लागल्या होत्या आणि त्या लुगड्यातून वर चढत होत्या. घाटाखाली पोचेपर्यंत अकरा बायकांच्या तोंडून जेवढे शब्द बाहेर पडले त्यातला एकही साक्षरता वर्गात शिकवलेला नव्हता.

रात्री धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी सगळे किल्ल्यावर गेले. तिहेरी तटबंदी, तिन्ही बाजूंनी समुद्र. मास्तरांचा ऊर भरून आला.

"बघा! हा किल्ला अजिंक्य!"

"म्हंजी?" धोंडुबाईनं विचारलं.

"म्हणजे कुणालाही न जिंकता येणारा."

"मग शेवटी कुणाकडं गेला?"

"इंग्रजांकडं," मास्तर जरा हळू आवाजात म्हणाले.

"मग कसला वं अजिंक्य? आमच्या जावंचं तसंच हाय. कुणाला ऐकत न्हाय, कुणाला ऐकत न्हाय म्हंत्यात, आन रोज सासूकडनं बोलून घेती."

बायका तटाला धरून हसल्या. मास्तरांनी चष्मा पुसला. पुढं तिनं हौद बघितला, विहीर बघितली, कोठार बघितलं, आणि तटाच्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "ह्ये धोंडं कुणी उचललं त्याची नावं कुठं लिवल्यात का? का नुसती घोड्यावर बसणाऱ्यांचीच?" याचं उत्तर मास्तरांना खरोखरच माहीत नव्हतं आणि ते तसं म्हणालेही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मग ती तटाच्या कडेला गेली आणि तिला समुद्र नीट दिसला. आतापर्यंत तो झाडांच्या फटीतून, घरांच्या मागून तुकड्यातुकड्यानं दिसला होता. आता सगळा एकदम समोर आला. ती बराच वेळ काही बोलली नाही. चिमणाबाई घाबरली. धोंडुबाई गप्प बसलेली तिनं फक्त एकदा, सासरा वारला तेव्हा बघितली होती.

"बरं न्हाय व्हय गं?"

"बरं हाय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ह्याला बांध न्हाय गं कुठं."

खाली उतरल्यावर तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि पचकन थुंकलं. "एवढं पाणी, आन मेथीचा एक वाफा भिजवाय उपेग न्हाय!" पण त्यानंतर दिवसभर ती मधूनच समुद्राकडं बघत होती, एखादं महागाचं जनावर बघावं तसं, घ्यायचं नाही तरी.

दुपारी होडीतून खाडीत जायचं होतं. खाडीच्या आत जुन्या आरमाराची गोदी आहे, खडक फोडून केलेली, तिथं पूर्वी गलबतं दुरुस्तीला आणत. होडीवाला बाबल तांडेल हा काळा, सुकलेला, कमी बोलणारा माणूस. मास्तर, धोंडुबाई आणि चार बायका त्याच्या होडीत बसल्या. बाकीच्यांनी होडी हलताना बघूनच काठावर बसायचं ठरवलं.

गोदीजवळ होडी थांबली. मास्तर उभे राहिले आणि बोलायला लागले. त्यांनी गलबतांचे प्रकार सांगितले, तोफा सांगितल्या, वारे सांगितले. बाबल दोनदा म्हणाला, "मास्तरांनू, बेगीन चला. पाणी उतरता हा." मास्तर म्हणाले, "एवढं एक सांगून होऊ दे." तिसऱ्यांदा बाबल काही म्हणाला नाही. त्यानं बिडी पेटवली. कारण होडी आता चिखलात बसली होती.

ओहोटीनं पाणी असं निघून गेलं होतं की जणू कुणी हौदाचा बोळा काढला. चहूकडं काळा, चमकणारा चिखल, त्यात पळणारे तांबडे खेकडे, आणि चाळीसएक पावलांवर काठ.

"आता पाणी परत कधी येणार?" मास्तरांनी विचारलं.

"राती," बाबल म्हणाला.

मालमोटार तर अंधाराच्या आत घाट चढायला निघणार होती. चिमणाबाईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"गप गं," धोंडुबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा काचा मारला, बाबलची काठी घेतली आणि चिखलात खुपसून बघितली. "तांडेल, खालनं दगड हाय का कुठं?"

बाबलनं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं आणि उतरून पुढं झाला. कालवांच्या शिंपल्या धरलेल्या खडकाची एक ओळ चिखलाखालून काठापर्यंत जात होती, ती त्यालाच माहीत. त्याच्या पावलावर पाऊल टाकत धोंडुबाई निघाली. मांडीपर्यंत चिखल. पण जन्मभर गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावलेल्या बाईला त्याचं काय! एकेका बाईचा हात धरून तिनं चौघींना काठावर नेऊन उभं केलं आणि परत मागं आली. होडीत मास्तर एकटे राहिले होते. त्यांनी एक पाय खाली टाकून बघितला होता. पाय वर आला होता, बूट आला नव्हता.

"मास्तर, पाठीवर बसा."

"छे छे! भलतंच काय! लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं हायत? खेकडं हायत."

मास्तर बसले. वजनाला ते पोत्यापेक्षा हलकेच होते. पुढं काठी टेकत बाबल, मागं धोंडुबाई, तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी टोपी धरून बसलेले दत्तोपंत. मध्यावर, चिखल सगळ्यात खोल होता तिथं, ती थांबली.

"थांबलात का? दमलात?"

"न्हाय. एक इचारायचं हुतं. मी पास का नापास?"

"धोंडुबाई, ही काय वेळ आहे?"

"माझ्याकडं राच्चं पाणी येईस्तोवर वेळ हाय."

"पास!" मास्तर ओरडले. "पास, पास! जोडाक्षरांसकट पास!"

काठावर त्यांना उतरवल्यावर बायकांना हसताही येईना आणि हसू आवरेनाही. दत्तोपंतांनी एका बुटानं रस्ता धरला, दहा पावलं गेले, मग तोही बूट काढून हातात घेतला, आणि अचानक स्वतःच हसायला लागले. इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. त्या दिवसापासून मास्तरांचा इतिहास जरा बदलला असं म्हणतात. शाळेत किल्ला शिकवताना ते मुलांना विचारायला लागले, इथं भाकरी कोण थापत असेल, सांगा.

सत्तावन्न साली त्यांची बदली बिद्रीकडं झाली. वर्ग बंद पडला, पण सहल बंद पडली नाही. दर वर्षी गुऱ्हाळं आटोपली की धोंडुबाई आसपासच्या बायका गोळा करून विजयदुर्गाला नेऊ लागली. मुंग्यांसाठी सोबत हळद घेऊन. किल्ल्यावर ती स्वतःच माहिती सांगायची. त्यातली निम्मी मास्तरांची होती आणि निम्मी कुणाचीच नव्हती. बाबल तांडेल तिला 'बाय' म्हणायचा आणि परतताना सुके बांगडे द्यायचा. त्यांचा वास मालमोटारीत पुढच्या वर्षापर्यंत टिकायचा.

आकाराम मात्र कधी आला नाही. म्हशीचं कोण करणार, एवढंच म्हणायचा. अखेर एकोणसाठ साली म्हैस लेकीकडं सोडून धोंडुबाईनं त्याला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. खाडीच्या काठी नेऊन बसवलं. संध्याकाळ होत होती, भरती आली होती, पाणी सगळं पिवळं झालं होतं.

आकाराम समुद्राकडं पाठ करून बसला होता. समोरच्या माडाखाली एक हडकुळी कोकणी गाय चरत होती, तिच्याकडं तो एकटक बघत होता.

"हिला पेंड घालत न्हाईत वाटतं," तो म्हणाला.

धोंडुबाईच्या तोंडात मोठी शिवी आली होती. ती तिनं गिळली, त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि दोघांच्या वतीनं समुद्र बघायला लागली.