सायबाचा मार

आमच्या बाळकुमच्या घरात माराला नावं होती. कानफटात बसली तर ती नुसती 'पडली'. पट्ट्याने झालं तर 'शेकला'. आणि माणूस अंथरुणातून उठेनासा झाला, तर त्याला 'सायबाचा मार' म्हणत. माझ्या थोरल्या भावाला तो पडताना मी पाहिलाय. शाळेत नापास झाला म्हणून वडिलांनी त्याला पडवीच्या खांबाला बांधलं आणि सायकलची चेन मुठीला गुंडाळून मारलं. आई मध्ये पडली, तर तिच्या डाव्या कानावर अशी बसली की पुढे आयुष्यभर ती उजवा कान पुढे करून ऐकायची. संध्याकाळी वडील भावासाठी जिलेबी घेऊन आले. आजोबा कौतुकाने म्हणाले, "सायबाचं रक्त हाय. तापतं नि निवतं."

साहेब म्हणजे आजोबांचे वडील, माझे पणजोबा. ते स्वीडनचे. घरातले अर्धे लोक अजून स्वित्झर्लंड म्हणतात, आणि भावाने तर त्यांच्या फोटोशेजारी बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर टांगलं होतं. कल्याणच्या पुढे कुठल्याशा कारखान्यात ते यंत्रं बसवायला आले, मिठागरावर राबणाऱ्या माझ्या पणजीशी त्यांचं सूत जुळलं आणि ते आमच्यातच राहिले, एवढी कथा. फोटोत टोपी, मिशा आणि फिकट डोळे. ते डोळे आमच्यात मधूनच कुणाला तरी येतात, या पिढीत मला आलेत. बाकी साहेब साडेसहा फूट उंच होते, एका बुक्कीत रेडा आडवा करायचे, पणजीचे तिन्ही भाऊ त्यांच्यापुढे चळाचळा कापायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले.

हे खानदानी सर्टिफिकेट मीही फुकट वापरलं. डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवताना डस्टर भिरकावला की शिक्षकखोलीत ऐटीत सांगायचे, परदेशी रक्त आहे, सांभाळून राहा. नवरा कोकणातला, थंड डोक्याचा. तो म्हणायचा, तुझी तक्रार थेट स्वीडनला करायला हवी.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास भावाने बाळकुमच्या जमिनीवर टॉवर उभा केला. लॉबीत वंशावळ लावायची, वर मध्यभागी साहेब, असं त्याच्या मनात आलं. "तू रिकामीच आहेस. शोधून काढ सगळं. इंजिनियर होता ते पण लिही," असा हुकूम निघाला. मला हुकूम आवडत नाहीत, पण काम आवडलं. तहसील कचेरीत जुने फेरफार पाहिले, तर जमीन पणजीच्या भावांची निघाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भाच्याकडे, म्हणजे आजोबांकडे आली. साहेबाच्या नावाचा तिथे मागमूस नव्हता. स्वीडनमधल्या जुन्या चर्चच्या नोंदी आता इंटरनेटवर आहेत असं कळलं, तेव्हा तिकडच्या एका हौशी बाईंना मी मेल केला. आठवड्याभरात उत्तर. मोबाईलने त्याचं जमेल तसं मराठी करून दिलं. साहेब अनाथ. चुलत्याकडे वाढलेले. फिटरचं काम शिकलेले. सैन्यात भरतीला गेले तेव्हा उंची कमी आणि छाती कमजोर म्हणून परत पाठवलेले.

मला हसूच आवरेना. भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "दुसरा कोणी असेल. नीट बघ."

त्याच आठवड्यात भाच्याने, याच भावाच्या मुलाने, बायकोचं मनगट मोडलं. कारण काय, तर पाहुण्यांसमोर ती त्याला म्हणाली की तू कालही उशिरा आलास. पाहुणे गेल्यावर त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिची बोटं वांग्यासारखी सुजली होती आणि ती डॉक्टरला सांगत होती, वाऱ्याने दार आपटलं. बाहेर बाकावर भाचा चहा पीत बसला होता. शेजारी माझी वहिनी. मला पाहून म्हणाली, "काय करणार, तुमच्या सायबाचं रक्त." मला तिथल्या तिथे तिच्या हातातला कप भिंतीवर फोडावासा वाटला.

प्लास्टर घालून भाचेसून आंबिवलीला आईकडे गेली. तिला परत आणायला जायचं ठरलं. तू शिक्षिका आहेस, तुझं ऐकतील, म्हणून मलाही बरोबर यायला सांगितलं. परत आणलेल्या बाईचं आमच्या घरात काय होतं ते मला ठाऊक होतं. मी आईचा कान रोज पाहिलाय. पण गप्प बसवायला त्यांच्याकडे साहेब होता आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून मी नव्याने शोधाला लागले. या माणसाने कुणाकुणाला मारलं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

साहेबाला पुरलं होतं त्या ठाण्यातल्या दफनभूमीच्या नोंदवहीत एकच ओळ सापडली. नाव, वय तिशीच्या आतलं, मृत्यूचं कारण: बांधावरून पडून.

हे घेऊन मी आत्याकडे गेले. वडिलांची बहीण, नव्वदीला टेकलेली, साहेबाच्या बायकोच्या मांडीवर वाढलेली. बाकी कुणाला काही विचारण्यात आता अर्थच उरला नव्हता. मी ओळ वाचून दाखवली.

"बांधावरना?" आत्या बोळक्या तोंडाने हसली. "मिठागराचा बांध कमरेएवढा गो. तवऱ्या उंचीवरना पडून कोन मरतं?"

"मग?"

"मारला ना त्याला. माझे आजीच्या भावांनी."

मला वाटलं तिचा गोंधळ होतोय. मी म्हटलं, "आत्या, सायबाचा मार, सायबाचा मार असं तूच म्हणायचीस ना?"

"मंग? सायबाचा मार म्हंजे सायबानी मारलेला नाय गो बाय. सायबाला मारलेला."

मी गणिताची बाई, व्याकरण हा माझा विषय नव्हे. पण ती एक षष्ठी विभक्ती माझ्या डोक्यात घणासारखी बसली. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात पोरांना धमकी दिली जात होती ती पणजोबांचा खून झाला तसं करीन अशी, आणि आम्ही ती मिशीवर ताव मारत सांगत होतो.

आत्या सांगत गेली. पणजीला सहावा महिना होता. तिच्या हातून मिठाची पाटी चिखलात सांडली. तिच्या थोरल्या भावाने तिला केसांना धरून पाडलं आणि लाथ घालायला पाय उचलला. साहेब धावत आला, त्याने भावाला मागून कवळ घालून धरलं. "नुसती कवळ. हात उचलला नाय त्यानी," हे आत्याने परत परत सांगितलं. मग तिघे भाऊ त्याच्यावर तुटून पडले. मीठ ओढायची लाकडी फावडी होती हातात. गुडघे फोडले, बरगड्या मोडल्या, खाली पडल्यावर खाऱ्या पाण्यात तोंड दाबून धरलं, बाहेर काढलं, परत दाबलं. तो त्याच्या भाषेत ओरडत होता. काय ओरडला ते पणजीला कधीच कळलं नाही, कारण तिला त्याची भाषा येत नव्हती. चार माणसांनी खाटेवर घालून दवाखान्यात नेला. तिथे तो मेला आणि भावांनी सांगितलं, बांधावरून पडला.

"मग पणजी?"

"आजी कुठं जानार गो? त्यांच्याच घरान राहिली. तुझा आजूस त्यांनीच वाढवला. त्याला हात उचलाया शिकवला तो पन त्यांनीच. बापूस तर त्यानी बघितला बी नाय."

मी तिथेच बसून रडले. रागाने रडले. ज्याने आमच्या बाईवर पडणारी लाथ अडवली, त्याच्याच नावावर आम्ही सगळ्या लाथा खपवल्या होत्या.

रविवारी आंबिवलीला गेलो. भाऊ, वहिनी, भाचा आणि मी. भाचेसून खाटेच्या टोकाला बसली होती, प्लास्टर मांडीवर. तिच्या आईने बॅग भरून दाराशी ठेवली होती. बाई एकटी, भाड्याच्या दोन खोल्या, धाकटी मुलगी लग्नाची. तिने चहा आणला आणि कुणी मागायच्या आत म्हणाली, "नेतो म्हणालात तर न्या. लेकीचं घर तेच."

वहिनी लगेच खुलली. "मनाने वाईट नाय हो तो. यांच्याकडे सगळ्यांचंच असं, सायबाचं रक्त, पटकन तापतात. नंतर हॉटेलात जेवायला पण घेऊन गेला ना तिला?"

"मोडक्या हाताने," भाचेसून म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

मी कप खाली ठेवला आणि बोलायला लागले. कवळ, फावडी, खारं पाणी, सगळं सांगितलं. भाऊ दोनदा म्हणाला, "अगं, घरी बोलू." मी थांबले नाही. मी त्या पोरीच्या आईकडे बघत म्हणाले, "रक्ताबिक्ताचं खोटं आहे. साहेबाने कुणाला बोट लावलं नाही. मारणारे आम्हीच. माझ्या आजोबाने मारलं, बापाने मारलं, हा माझा भाऊ बायकोला मारतो, आणि याने शिकून..."

पुढचं तोंडातच राहिलं. भाऊ उठला आणि त्याने सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली. साठीच्या बहिणीच्या. चष्मा खाटेखाली गेला, ओठ दातावर फाटला, साडीवर रक्त पडलं. भाचा मोबाईलमध्ये बघत राहिला. वहिनी सवयीने म्हणायला लागली, "बघा, सायबाचं..." आणि अर्ध्यावर गप्प झाली.

भाचेसून हलली नाही. ती फक्त आईकडे बघत होती.

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग भावाच्या हाताकडे. मग ती दाराशी गेली, बॅग उचलून आत आणली, कपाट उघडलं आणि मुलीचे कपडे एकेक करून परत लावायला लागली. पाठ आमच्याकडेच होती. तशीच ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. जेवून जा. बाकीच्यांनी उठावं."