दांड्याभोवतीची फट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हिमायतनगरला भाजी घेत होते. "तुझा दादा गेला गं," एवढंच म्हणाली. हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली... का, ते आठवत नाही.

माधवदादा, माझा थोरला भाऊ, पंपांच्या कारखान्यात सीलची डिझाइनं करायचा. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो, तिथून आतलं रसायन गळू नये म्हणून दोन गुळगुळीत कड्या एकमेकींना लावून ठेवायच्या, तेच सील. जास्त दाबल्या तर जळतात, सैल सोडल्या तर गळतात. जेवताना वाटीवर वाटी फिरवून तो हे समजावायचा आणि वहिनी वाट्या काढून घ्यायची.

मग एका औषधांच्या कारखान्यात त्याचं सील फुटलं. उकळतं द्रावण पंप चालवणाऱ्या यादगिरी नावाच्या कामगाराच्या अंगावर उडालं. तो वाचला नाही. आधी पंप कोरडाच, आत द्रव नसताना चालवला होता, त्यानं सील तडकलं, डिझाइनचा दोष नाही, असं चौकशीत निघालं. दादाला ते पटलं नाही. "कोरडा चालणारच कधीतरी. माणसं विसरतात," म्हणाला. कोरडं चाललं तरी टिकेल असं सील करण्यात त्याची पुढची सगळी वर्षं गेली. कड्या तडकायच्या, तो पुन्हा नव्या करायचा. शेवटी एक टिकलं. त्या संध्याकाळी मलकपेठला माझ्याकडे येऊन नुसता बसून राहिला. चहा गार झाला. "यादगिरीच्या बायकोला सांगावंसं वाटतंय," म्हणाला, "पण काय सांगू?"

पुढे कारखाना विकला गेला. नवे मालक म्हणाले, तयार सील बाहेरून आणू. दादाचं सील एकाही पंपात बसलं नाही. 

मग फुप्फुसं गेली. दवाखान्यात गाल इतके खोल गेले होते की ऑक्सिजनचा मास्क नीट बसेना. कडेनं हवा सुटायची, तो बोटानं कड चाचपायचा. "अंकल, हात नक्को लगाओ," नर्स म्हणाली. "हौ," म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "गळतंय गं." मी तळव्यानं मास्क दाबून धरला. तरी हवा सुटतच राहिली.

त्यांच्या घरची पाण्याची मोटर सुरू केली की दादा वाकून, गळतंय का बघायला, दांड्याखाली बोट फिरवायचा. आता वहिनी फिरवते. परवा तिचं बोट ओलं झालं. ते तसंच पुढे धरून ती आतल्या खोलीकडे बघत राहिली. हाक मारायला तोंड उघडलं होतं तिनं... मग मिटलं, आणि बोट पदराला पुसलं.