शेजाऱ्याच्या गाडीचं कव्हर

मोटरसायकलला कव्हर हवं असेल तर दुकानात जावं, एक उचलावं आणि घरी यावं, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझं लग्न इंजिनिअरशी झालंय, त्यामुळे साध्या गोष्टी आमच्याकडे साध्या राहत नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. एका रस्त्यापलीकडे कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि अलीकडे जर्दाळूच्या बागा, असं तेव्हाचं गाव. नवरा सकाळी कार घेऊन जायचा तो दिवेलागणीला परत. मी दिवसभर घरात. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, बसचा भरवसा नव्हता आणि चालत जाण्यासारखं जवळपास काही नव्हतं. वर्षभरात मी इतकी चिडचिडी झाले की नवरा दार उघडण्याआधी बाहेरूनच विचारायचा, "आत येऊ ना?"

मग मी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा कोर्स घेतला आणि जाण्यायेण्यासाठी एक सेकंडहँड जपानी मोटरसायकल. लाल रंगाची, मध्यम आकाराची, किक नसलेली. बटण दाबलं की सुरू. मी नाशिकची, वडिलांच्या मोटरसायकलवर शिकलेली. पहिल्या दिवशी कॉलेजला गेले तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने गात होते. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलंय.

आमच्या वाट्याला छप्पर असलेली पार्किंगची जागा एकच, ती कारची. मोटरसायकल उघड्यावर. कॅलिफोर्नियाचं ऊन दिसायला गोड, पण दोन महिन्यांत सीटला चिरा पडल्या. वर झाड, झाडावर पक्षी, त्यामुळे बाकीचं सांगायला नको. मी बॅगेतून आणलेली सोलापुरी चादर गाडीवर टाकली. पहाटेच्या दवाने ती सकाळी चिंब व्हायची, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं, तुझ्या गाडीला थंडी वाजते का?" मग नवऱ्याने निळी ताडपत्री आणून ट्रकवर बांधतात तशी दोरीने बांधली. ती वाऱ्याने दिवसभर फडफडायची आणि टाकीचा रंग घासायची. सोडायची-बांधायची तर तेवढ्यात तास बुडायचा.

अशात नागपूरहून फोन आला. सासूबाई ऑक्टोबरात येणार होत्या, सहा महिन्यांसाठी. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांना बदल हवा होता, आम्हालाही त्या हव्या होत्या. पण मी फोन ठेवला आणि थेट बाल्कनीत जाऊन खाली गाडीकडे पाहिलं. कारण आमचं लग्न ठरताना त्यांच्याकडून एकच अट आली होती. हुंडा नको, मानपान नको, फक्त "मुलगी फटफटी चालवते म्हणे, ते लग्नानंतर बंद." माझ्या वडिलांनी मान डोलावली होती. मी डोलावली नव्हती, पण माझ्याकडे कुणी पाहतच नव्हतं.

सरळ हिशेब होता. सासूबाईंना कळलं की गाडी जाणार, गाडी गेली की कॉलेज जाणार आणि मी पुन्हा खिडकीत. नवऱ्याला म्हटलं, "अरे, तूच सांगून टाक ना आईला." तो म्हणाला, "सांगू ना यार, आधी तिला येऊ तर दे." म्हणजे सांगणार नव्हता. त्याने यावर काढलेला तोडगा असा, की गाडी शेजाऱ्याची आहे असं सांगायचं, आणि सहा महिने ऊनपाऊस झेलेल असं दणकट कव्हर घालून ठेवायची. तोवर मला कॉलेजला तो सोडेल किंवा वर्गातली मैत्रीण नेईल.

झालं. आता कव्हरचं संशोधन सुरू. नवऱ्याने तीन दुकानं पालथी घातली. एक कव्हर रेनकोटसारखं पातळ. ते उन्हात वर्षभरात तडकतं म्हणून बाद. एक नायलॉनचं, ते घरी आणून त्याने बाथटबवर झोळीसारखं धरलं, मला त्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि खाली बोट फिरवून थेंब शोधत बसला. थेंब सापडला. ते परत गेलं. दुकानदाराने ओलं कव्हर हातात घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच हेल्मेटांच्या कपाटाकडे वळले.

शेवटी एक पसंत पडलं. जाड पॉलिएस्टरचं, आतून लेप दिलेलं, ऊन परतवेल असा चंदेरी रंग. खाली इलॅस्टिक, पोटाखालून बांधायला पट्टा, सायलेन्सरजवळ आतून उष्णता सोसणारं अस्तर. सगळं छान. पण वरच्या बाजूला दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या, त्यांवर छोटीशी झडप. माझं डोकंच फिरलं.

"एवढं महागाचं कव्हर, आणि त्याला भोकं?"

"भोकं नाहीत. वारा खेळायला आहेत. जमिनीची ओल वर चढते, ती बाहेर नको पडायला?"

"ओल आत जाऊ नये म्हणून कव्हर असतं!"

"तू गरम पोळ्या डब्यात भरून झाकण लावतेस का?"

तेच कव्हर घेतलं.

सासूबाई आल्या आणि चार दिवसांत घर त्यांचं झालं. त्या कडक होत्या पण कामाला वाघ. मी एरवी नवऱ्याला "अरे" म्हणते, त्यांच्यासमोर "अहो" म्हणायचे, आणि तो प्रत्येक वेळी मागे वळून पाहायचा. आपल्याकडे उघडी वस्तू म्हणजे आळशी बाई, हे सासूबाईंच्या रक्तातच होतं. त्यांनी माझं जुनं शिलाई मशीन काढलं. मिक्सरला खोळ, टोस्टरला खोळ, टीव्हीला झालरीची खोळ, टेलिफोनलासुद्धा. फोन वाजला की आधी खोळ काढायची आणि मग "हॅलो" म्हणायचं. बाल्कनीतून त्यांना खालची चंदेरी गाडी दिसायची. "कुणाची गं?" "शेजाऱ्याची," मी म्हटलं. "चांगला माणूस दिसते. झाकून ठेवते," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

नोव्हेंबरात पाऊस लागला. एका दुपारी मी बाहेरून आले तर सासूबाई सुईदोरा घेऊन खालून वर येत होत्या. "त्या शेजाऱ्याच्या कव्हरला दोन्हीकडून भोकं पडली होती गं. बिचारा एकटा असेल. दिली शिवून." काय बोलणार? शेजाऱ्याच्या कव्हरची भोकं भोकं नाहीत, हे मला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं असतं तर? वर नाड्याही शिवल्या होत्या, चाकांपाशी घट्ट बांधायला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो गडगडून हसला. "उसवू रविवारी." असे तीन रविवार पावसात गेले.

मग डिसेंबरातली परीक्षा आली. ही पास झाले की कोर्स पूर्ण, आणि नाही दिली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नवऱ्याला ऑफिसच्या कामाला सॅक्रामेंटोला जावं लागलं, कार घेऊन. मैत्रीण नेणार होती. निघायच्या वेळेला तिचा फोन आला, मुलगी तापाने फणफणली होती. मी फोन ठेवला, खोळ घातली आणि सरळ लपवलेलं हेल्मेट बाहेर काढलं. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे.

नाड्या सोडून कव्हर ओढलं तर आतून पाणी ठिबकलं. सीटवर बुरशी, आरशांवर थेंब, बॅटरीच्या टोकांना हिरवट पूड. बटण दाबलं. गाडी कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, तेही नाही. मला रडूच कोसळलं. नवऱ्याचा राग, पावसाचा राग, त्या टाक्यांचा राग, सगळा एकदम.

"अगं, शेजाऱ्याची गाडी काऊन काढून राहिली तू?" वरून आवाज आला. सासूबाई बाल्कनीत.

"शेजाऱ्याची नाही, आई! माझी आहे! मी चालवते, तुम्ही यायच्या आधी रोज चालवायचे!" सगळ्या अपार्टमेंटने ऐकलं असेल. एकाही शब्दाचा अर्थ न कळता दोन खिडक्या उघडल्या.

त्या आत गेल्या. संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. साडीवर मुलाचं जाकीट, पायात मोजे, अशा त्या खाली आल्या. त्यांनी कव्हर उचललं, आतली ओल हाताने पाहिली, आपले टाके पाहिले.

"मीच कोंडली होय हिला?" त्या म्हणाल्या. मग माझ्यावर खेकसल्या, "घरची आहे म्हणून सांगितलं असतं तर विचारून शिवलं नसतं? शिवाय दुहेरी टाका घातला असता. परक्याची म्हणून साधा घातला."

"लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, गाडी बंद करा म्हणून."

"म्हटलं होतं." त्यांनी कव्हर गुंडाळून बाजूला ठेवलं. "मला कुणी फटफटीला हात लावू दिला नाही, मग हिनं काऊन चालवावी, असं वाटलं होतं. आता गाडीवर बस. उशीर होऊन राहिला. दुसरा गिअर टाक, क्लच दाबून धर. मी ओरडले की सोड."

मी बघतच राहिले.

"पाहून काय राहिली? तुझ्या सासऱ्यांची फटफटी कोण ढकलत होतं? रोज सकाळी मीच ढकलायची. सुरू झाली की ते भुर्रकन जायचे, मागं वळून पाहायचेसुद्धा नाहीत. थांबलं तर बंद पडते म्हणायचे. चल!"

त्यांनी पदर खोचला. कचऱ्याच्या पेट्यांकडे जरा उतार होता, तिकडे तोंड केलं. पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. सासूबाईंनी तिला अस्सल नागपुरी शिवी हासडली, जी मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती, आणि पुन्हा जोर लावला. "सोड!" मी क्लच सोडला. एक हिसका बसला, धूर निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं.

मी निघाले. फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. सासूबाई पार्किंगच्या मधोमध कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या आणि हसत होत्या. मला पुढे जाववेना. मी हँडल वळवलं आणि त्यांच्या दिशेने परत आले.

"अगं, परत काऊन आली?" त्या दोन्ही हात हलवत माझ्याकडे धावल्या. "थांबू नको! बंद पडेल!"

मी थांबले नाही. त्यांच्याभोवती एक पूर्ण चक्कर घेतली, अगदी जवळून, आणि ओरडले, "आई, येते हं!"

"ये!" त्या म्हणाल्या. "जा आता!"