तुंगारेश्वरच्या रानात मारलेली हाक

माझे यजमान गेल्यानंतर माझं देवाशी बोलणंच थांबलं. भांडण नव्हतं. निर्मळ गावच्या माहेरी लहानपणापासून सगळं अंगवळणी पडलेलं, त्यामुळे दिवा लागत होता, फुलं वाहिली जात होती. पण हात जोडले की आत काही हलायचं नाही. देव आहे की नाही, हा प्रश्नसुद्धा मला पडत नव्हता. मला फक्त ते हवे होते.

त्यांना धावायचा नाद पन्नाशीत लागला. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं आणि हे चालता चालता पळायलाच लागले. मग मलाही ओढलं. रविवारी उजाडताना एव्हरशाईन सिटीतल्या घरातून निघायचं, तुंगारेश्वरच्या महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि देवळापुढच्या वाटेने डोंगर गाठायचा. चढावर चालायचं, सपाटीला धावायचं. ते कायम पुढे. वळणावर थांबून मागे बघायचे आणि मी दिसले की पुन्हा सुटायचे. एका पहाटे ते झोपेतच गेले. मी शेजारी होते, मला कळलंही नाही.

गेल्या आश्विनात एका सकाळी काय वाटलं कोण जाणे, बूट घातले आणि एकटीच निघाले. देवळात गेले नाही, बाहेरूनच पुढे झाले. पाय वाट विसरले नव्हते. प्रत्येक वळण जवळ आलं की नजर आपोआप पुढे धावायची. तिथे कारवीची झुडपं आणि ऊन, एवढंच असायचं. तरी पुढच्या वळणाला छाती पुन्हा धडधडायची. असं किती वेळ पळत राहिले, ते आठवत नाही. मग आम्ही जिथे तोंडावर पाणी मारायचो, त्या ओढ्याकडे वळले. गवत कमरेएवढं वाढलेलं. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि घोटा मुरगळला. उभं राहता येईना. फोनला रेंज नाही, आसपास माणूस नाही.

मदतीला कोणाला बोलवावं हे सुचायच्या आतच तोंडून निघालं, "अहो!"

ते गेल्यापासून हा शब्द मी उच्चारला नव्हता. एकदा निघाला, तो थांबेचना. जीव खाऊन, रडत, मी हाका मारत राहिले. "अहो! अहो!"

"ओ! आलो, आलो!" ओढ्यापलीकडून पुरुषाचा आवाज आला.

माझ्या अंगावर काटा आला. गवत बाजूला सारत एक पांढऱ्या केसांचे, धिप्पाड काका धापा टाकत आले आणि मला बघून थबकले.

"मना वाटलं आमचीच हाक मारते," ते म्हणाले. अर्नाळ्याचे कोळी होते. बायकोला घेऊन दर्शनाला आलेले. ती वाटेवर सावलीत बसली होती आणि हे पाणी बघायला खाली उतरले होते. त्यांनी तिला हाक मारली, तीही आली. माझा घोटा बघून तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि करकचून बांधला.

"पानी पी पयला," ती म्हणाली. "तुझं मानूस कुठं हाय? हाका मारत व्हतीस ना?"

मी सांगितलं. काकूंनी माझं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं आणि मी मोकळी झाले. काका पाठ करून ओढ्याकडे बघत राहिले.

मग दोघांनी मला मध्ये घेतलं. मी संकोचून नुसते हात ठेवून लंगडत होते. थोडं गेल्यावर काका थांबले. "भार टाक गो. अर्धीमुर्धी टेकलीस तर तू बी पडशील नि आमी बी."

मी भार टाकला. सगळा. आणि उतार सोपा झाला.

देवळात त्यांनीच मला आत नेलं. मला वाकता येत नव्हतं. मी खांबाला धरून उभी राहिले. काकू पिंडीपुढे वाकल्या, उठल्या आणि परत वाकल्या. "दुसरा तुझा," म्हणाल्या.

ती हाक त्यांच्याच कानी का पडली, मी शोधत नाही. माझं माणूस परत आलं नाही, येणारही नाही. रविवारी आजही जीव कासावीस होतो. पण आता हात जोडले की मी काही मागत नाही, स्वतःला सावरूनही धरत नाही. ही ओढ, हे रडू, आहे तसं सगळं त्या महादेवाच्या अंगावर टाकते. तो हलत नाही, मीही पडत नाही.