खडूनं लिहिलेला चैत्र

"गायकवाड, हा माल सव्वा वर्ष जुना आहे. मागच्या रांगेत लपवून ठेवला होतात?"

अफझलगंजच्या गोडाऊनमध्ये मी हे सगळ्यांदेखत विचारलं. २०१४ साली राज्याची वाटणी झाली, त्याच सुमारास आमच्या कंपनीचीही फेररचना चालू होती. अफझलगंज आणि सिकंदराबाद, दोन गोडाऊनचं एक होणार होतं. दोन स्टोअरकीपरपैकी एकच राहणार आणि ते माझ्या ऑडिटवर ठरणार. गायकवाडांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी होती. हे मला ठाऊक होतं.

कारच्या बॅटरीवर डेट कोड ठोकलेला असतो. आमच्या कोडात अक्षर म्हणजे महिना, आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. समोरच्या बॅटऱ्यांवर होतं B3. म्हणजे गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, म्हणून जुना माल आधी विकायचा, हा धंद्याचा पहिला नियम.

गायकवाड म्हणाले, "नाही साहेब, चैत्रात आलाय हा माल. हे बघा ना."

प्रत्येक बॅटरीच्या अंगावर खडूनं लिहिलं होतं, चैत्र. गायकवाड मूळचे नांदेडकडचे, हमाल सगळे तेलुगू. महिन्यांची नावं दोघांची एकच, म्हणून माल उतरला की खडूनं महिना लिहायचा, असा त्यांचा रिवाज. हमालांतला यादगिरी मध्येच बोलला, "हौ सार, उगादी के बाद आया ये माल." उगादी म्हणजे आपला पाडवा, चैत्राचा पहिला दिवस.

मी म्हणालो, "हे काय पंचांग आहे का? कोड खोटं बोलत नाही."

"मग मीटर लावून बघा. तुमच्या खिशातच आहे."

व्होल्टमीटर खरंच खिशात होता. दोन मिनिटांचं काम. पण स्टोअरकीपरनं मला शिकवावं? डोकं फिरलं माझं. मी ओलं फडकं मागवलं आणि सगळे चैत्र पुसायला लावले. पुसले गायकवाडांनीच.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, जुना माल लपवला. दहा दिवसांत गायकवाड घरी बसले.

पुढच्या महिन्यात हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. फेररचनेत कंपनीनं काही बॅटऱ्या बाहेरच्या कारखान्याकडून करून घ्यायला सुरुवात केली होती. स्टिकर आमचा, माल त्यांचा, कोडही त्यांचा. त्यांच्या कोडात B म्हणजे कारखान्यातली लाइन आणि 3 म्हणजे मार्च, याच वर्षीचा. धावत जाऊन मीटर लावला. एकूण एक बॅटरी ठणठणीत.

मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, "फाइल क्लोज झाली. आता तुमचा रिपोर्ट खोटा म्हणू का? जाऊ द्या."

मी मलकपेठला गायकवाडांच्या घरी गेलो. त्यांनी आत बसवलं, चहा सांगितला. मी सगळं कबूल केलं. शरमेनं मान वर होत नव्हती. मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नोकरी राहू द्या साहेब," ते म्हणाले. "जावई विचारतो, मामा, माल का लपवला? पोरगी काही बोलत नाही, नुसती बघत राहते. तेवढं एक लिहून द्या, की मी लपवला नव्हता. इंग्रजीत नक्को. पोरीला मी स्वतः वाचून दाखवीन."

त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. दोन ओळींना तीन कागद गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग पेन माझ्याकडे सरकवलं. "खाली महिना घाला साहेब."

तारीख टाकायला पेन उचललं आणि अडलो. त्यांच्याकडे बघून म्हणालो, "कोणता चालू आहे?"

"श्रावण," गायकवाड म्हणाले.

मी तसंच लिहिलं. तेव्हापासून कोड वाचण्याआधी मी बॅटरी कुणी बनवली ते विचारतो, आणि मीटर लावतो. गायकवाडांना त्याचा काही उपयोग नाही.