एका नारळावर दोन गाड्या

"अवो काका, सकाळपासून ही तिसरी फेरी माझ्याभोवती. मी काय वडाचं झाड हाय?"

कर्जतच्या चारफाट्यावर मधोमध उभा असलेला हवालदार तोंडातली शिट्टी काढून ओरडत होता. त्याच्याभोवती मंडपाचे बांबू, रचलेल्या खुर्च्या आणि मला घेऊन एक केशरी ट्रक शांतपणे प्रदक्षिणा घालत होता. चारी रस्त्यांवर हॉर्नचा नुसता कालवा. स्टिअरिंगवर बसलेल्या आमच्या साडूभाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढली, "सात झाल्या की बोल" म्हणाले, आणि गोल पुरा करून ट्रक डाव्या हाताच्या रस्त्याला लावला.

नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या मुलखात हट्टी माणसांची पैदास चांगली आहे. इथला पाऊस हट्टी, बैल हट्टी, सासवांबद्दल तर मी काही लिहीतच नाही. पण हे सगळे एका पारड्यात घातले आणि दुसऱ्यात माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला उभं केलं, तर पहिलं पारडं जे वर उडेल ते थेट माथेरानला जाऊन टेकेल. हा माणूस फिकट निघालेलं कलिंगड परत करत नाही. विकणाऱ्याच्या समोर बसून त्यालाच ते संपवायला लावतो. स्वतःच्या लग्नात फोटोवाला "हसा" म्हणाला, तर यांनी "कारण सांग" म्हणून विचारलं. अल्बममध्ये ताई हसतेय, आणि साडूभाऊ अजून कारणाची वाट बघताहेत.

असा माणूस भिसेगावात राहतो, मंडपाचं सामान आणि विटा वाहतो, आणि त्याने आयुष्यात एकदाच नवी कोरी गाडी घेतली. तो दिवस मी पाहिलाय. शोरूमच्या दारात एकसारख्या दोन केशरी गाड्या हार घालून उभ्या. एक आमची, दुसरी खालापूरकडच्या एका उंच, लाजऱ्या माणसाची. तो केबिनमध्ये चढताना पायातल्या वहाणा काढून चढला, आणि आमच्या साडूभाऊंना तो तिथेच आवडला. शोरूमचा मॅनेजर काटकसरी होता. त्याने दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभं राहून एकच नारळ फोडला, एक भकल इकडे दिली, एक तिकडे. दोघे मालक समोरासमोर उभे राहून खोबरं चावत एकमेकांकडे बघून हसले. नाव विचारायचं राहून गेलं. दोघांचीही तोंडं भरलेली होती.

पुढे महिनाभरात कळलं की गाडीत खोट आहे. माल भरलेला असला की स्टिअरिंग डावीकडे अर्ध्यावर जाऊन अडायचं. रस्त्याची लहानसहान वाकडी वळणं ती सांभाळून घ्यायची, पण खरंखुरं डावं वळण आलं की नाही म्हणजे नाही. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा पळसदरीकडच्या एका वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि साडूभाऊ विटांसकट सरळ भाताच्या खाचरात. बेडकांनी त्यांचं स्वागत केलं म्हणतात. शोरूमवाल्यांनी गाडी रिकामी करून आवारात चार चकरा मारल्या आणि लिहून दिलं: गाडी ठीक, चालवणाऱ्याची चूक.

"रिकाम्या पोटी कुणीबी नाचंल," साडूभाऊ म्हणाले. "विटा भरून दाखवा."

विटा कुणी भरल्या नाहीत. तेव्हापासून साडूभाऊंनी नियम केला: भरल्या गाडीने डावीकडे वळायचं नाही. डावीकडे जायचंच असेल तर तीनदा उजवीकडे वळायचं, म्हणजे तोंड आपोआप डावीकडे होतं. ऐकायला सोपं वाटतं. त्यांच्यासोबत लग्नाला निघून बघा. एकदा आम्ही खोपोलीच्या साखरपुड्याला नेरळवरून गेलो. पोचलो तेव्हा त्या मुलीचं डोहाळेजेवण चाललं होतं. पुढे पुढे पायी चालतानासुद्धा त्यांना उजवं लागलं. देवळात अडचण नव्हती, देव मुळातच उजवीकडून फिरवतो. घरी मात्र मोरीत जायला ते आधी स्वयंपाकघर, मग माजघर, मग ओटी अशी यात्रा करायचे आणि ताई म्हणायची, "लवकर निघा जरा, वेळेत पोचाल."

त्यांना घेऊन मी कर्जतच्या एका वकीलबाईंकडे गेलो. बाईंनी पहिला प्रश्न केला, "गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"पोटासाठी?"

"नाय तर काय हौसंसाठी?"

"मग तुम्ही ग्राहक. व्यापारी म्हणून कंपनी तुम्हाला सहज उडवू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत."

"त्यातला डावीकडचा कंचा?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. एक रस्ता अलिबागचा: तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करायची, गाडी बदलून मागायची किंवा पैसे परत. दुसरा मोठा: त्याच जातीच्या गाड्यांच्या पुरेशा मालकांनी सरकारकडे तक्रार केली, तर सरकार कंपनीला सगळ्या गाड्या माघारी बोलवायला लावू शकतं. साडूभाऊंना हे फार पटलं. "म्हंजे माहेरपणाला बोलवणं. पोर आजारी दिली तुमी, औषधपाणीबी तुमीच करा." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, ती दुसरी गाडी त्याच खेपेची. तो वहाणा काढणारा माणूस. त्याला कुणी सांगितलं आसंल?"

शोरूमने त्याचं नाव द्यायला नकार दिला. दुसऱ्याची माहिती देता येत नाही म्हणे. तेव्हा साडूभाऊ रंगाऱ्याकडे गेले. बाकीच्या गाड्यांच्या पाठीवर आईचा आशीर्वाद असतो. यांच्या पाठीवर लाल अक्षरांत आलं: "एका नारळावर माझ्यासोबत गाडी घेणाऱ्या भावा, ही गाडी डावीकडे वळत नाही. माल भरून वळू नको. भेट." खाली फोन नंबर.

दहा गावचे लोक ते वाचून हसले. पण पनवेलकडचा एक मालक हसला नाही, पेणचा एक हसला नाही, आणि बघता बघता भिसेगावच्या ओटीवर ट्रकवाल्यांची सभा भरायला लागली. सगळ्यांची एकच तक्रार, सगळ्यांना एकच उत्तर: चालवणाऱ्याची चूक. वकीलबाईंनी एकेकाकडून तक्रार भरून घेतली. कंपनीची नोटीस आली, की पाठीवरच्या मजकुराने बदनामी होते. बाईंनी वाचली आणि मजकुरात फक्त दोन शब्द वाढवायला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून गाडी "माझ्या अनुभवानुसार" डावीकडे वळेनाशी झाली.

मग कंपनीचा माणूस स्वतः आला. गोड होता. नवी गाडी देतो म्हणाला; तक्रार मागे घ्या, पाठ पुसा, आणि कुणाशी बोलू नका. ताईने चहात साखर जास्त टाकली. मी टेबलाखालून साडूभाऊंच्या पायावर पाय दिला. माझ्या मते हा प्रश्न इथेच सुटला होता.

"आनि त्याची?" साडूभाऊंनी विचारलं.

"कुणाची?"

"दुसऱ्याची. नारळ एकच फोडला व्हता तुमी."

माणूस चहा पिऊन गेला. नवी गाडी त्याच्यासोबत गेली. ताई दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन पाठीवरची पुसट झालेली अक्षरं रंगवून घेतली.

या सगळ्या काळात चारफाट्यावरच्या हवालदाराशी साडूभाऊंचं नातं जुळून आलं होतं. फेरीच्या सुरुवातीला तो प्रश्न टाकायचा, फेरी संपताना उत्तर मिळायचं. "भात झालं का कापून?" इथपासून सुरू होऊन गोष्टी इतक्या पुढे गेल्या की त्याच्या पोरीचं लग्न, माझा शब्द खोटा असेल तर विचारा, तेराव्या फेरीत ठरलं. बस्ता चौदाव्या फेरीत. गाडीच्या पाठीवरचा मजकूर त्याला पसायदानासारखा पाठ होता.

एका सकाळी त्याचा साडूभाऊंना फोन आला. "काका, चूक झाली. तुमी समजून एकाला शिव्या घातल्या. केशरी गाडी, भरलेली, माझ्याभोवती गोल फिरती. खाली उतरवला तर दुसराच मानूस. मी इचारलं, तुमचा नारळ कुटं फुटला? तर रडाया लागला."

आम्ही पोचलो तेव्हा तो उंच माणूस टपरीच्या बाकावर बसला होता. वहाणा काढून, बाजूला ठेवून. गाडी नेरळला विकायला चालला होता. जाताना शेवटची खेप म्हणून माल भरला होता.

"मला वाटलं, माजाच हात खराब," तो म्हणाला. "लोकांची गाडी वळती, माजी नाय वळत. कुनाला सांगनार? बायकोला बोललो, मला जमत नाय हा धंदा."

"घेणाऱ्याला काय सांगणार व्हतास?" साडूभाऊंनी विचारलं.

त्याने बाजूच्या वहाणा उगाच सरळ केल्या. साडूभाऊ त्याच्या शेजारी बसले, उजव्या बाजूने फिरून. "हात चांगला हाय तुजा. उठ रं. वकीलबाईंकडं जाऊ."

त्याचीही तक्रार त्या गठ्ठ्यात गेली. पुढे चौकशा झाल्या, कंपनीची सारवासारव झाली, एकदाची कुणीतरी भरलेली गाडी तपासली, आणि त्या खेपेच्या सगळ्या गाड्या माघारी बोलावल्याचं पत्र आलं. स्टिअरिंगचा तो भाग फुकट बदलून मिळाला. गाड्या परत देताना मॅनेजर या वेळी दोन नारळ घेऊन आला. साडूभाऊंनी त्यातला एक त्याच्या हातात परत ठेवला.

परवा मी पुन्हा त्यांच्यासोबत निघालो. गाडी भरलेली, मांडव कशेळ्याकडे कुठेतरी घालायचा होता. चारफाटा दिसला. लांबूनच केशरी रंग ओळखून हवालदाराने सवयीने चारी रस्ते थांबवले, हात वर केला आणि मधोमध येऊन उभा राहिला. साडूभाऊंनी डावा दिवा लावला. ट्रक गोठ्यात शिरणाऱ्या गाईसारखा गुमान डावीकडे वळला. पलीकडे गाडी थांबली, तसा मी खाली उतरून हवालदाराकडे गेलो आणि म्हणालो, "झाली बरं का दुरुस्त. सुटलात तुम्ही."

त्याने रिकाम्या चौकाकडे बघितलं, हात खाली घेतला.

"म्हंजे आता नुसतंच जानार तुमी," तो म्हणाला.