गाभण गायीची दुहेरी गाठ

पत्रा उडाला तेव्हा मी गाभण गायीच्या दाव्याची गाठ सोडत होते. गाय मागं ओढत होती, आणि ती जितकी ओढायची तितका नायलॉन आवळायचा. माझी नखं मोडली, गाठ सुटली नाही. ती मीच मारली होती, दुहेरी.

दुपारी मुलाचा फोन आला होता. तो लोणी देवकरला कंपनीत कामाला आहे. "इंदापुरात झाडं पडल्यात. वादळ तुमच्याकडंच निघालंय. जनावरं मोकळी सोडा." सून लगेच गोठ्याकडं निघाली. मी अडवलं.

"मोकळी सोडून कुणाच्या उसात घालतीस? बांधून ठेव."

"आत्या, पत्रं जुनं हायती. अंगावर आलं तर?"

"तू यायच्या आधीपासनं हायती. तुझ्यापरास जास्त टिकतील."

"टिकू द्या. मग भाकरी बी त्यांच्याच हातची खावा," म्हणाली आणि कामाला लागली.

सरपण तिनं आत आणलं, कडब्यावर ताडपत्री तिनं ओढली, हंडे तिनं भरले. मी नुसत्या गाठी मारत फिरले. ताडपत्रीला, फाटकाला, शेवटी गायीला. मग ओट्यावर बसले. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं. देवाला हात जोडले. घर दिलंस, गाय दिलीस, पोटाला दिलंस, असं एकेकाचं नाव घेतलं. सुनेचं घेतलं नाही. ती समोरच पाणी भरत होती.

वारं सुटलं, गोठ्याचा कोपरा वाजायला लागला, तशी मी आत धावले. पहिला पत्रा गेल्यावर सून ऊसतोडीचा कोयता घेऊन आली.

"सरा आत्या!"

एका घावात दावं तुटलं. गाय बाहेर पळाली आणि मी बांधलेल्या फाटकावर आपटली. सुनेनं मला दंडाला धरून बाहेर ढकललं, तोवर दुसरा पत्रा तिच्या खांद्यावर आला.

बारामतीच्या दवाखान्यात टाके घातले. मुलानं विचारलं, "गाय बांधली कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बांधलेलीच हुती. सोडायची ऱ्हायली."

माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

पुढं गाय गाभडली, वासरू गेलं. गाय वाचली, सून वाचली, मीही वाचले.